चिखलातली परीक्षा

गुहागर तालुक्यात आणि शेजारच्या चिपळूण-संगमेश्वरात पावसाळ्यात नांगरणी स्पर्धा रंगतात. त्यांना निव्वळ करमणूक समजणे चूक आहे. कोकणातली भातखाचरे लहान, बांधांनी तुकडे झालेली. तिथे धिप्पाड बैलापेक्षा आटोपशीर, हाकेसरशी वळणारा बैल कामाचा. स्पर्धेत गावठी आणि घाटी जोड्यांचे गट वेगळे असतात, ते माझ्या मते याच जाणिवेतून: एकाच गटात धावल्या तर घाटी जोडीपुढे गावठी जोडी मागे पडणारच, आणि मग ती सांभाळणार कोण? जोत धरणाऱ्या पोरांचीही शाळा हीच.

पॉवर टिलर आल्यावर बैल हवेत कशाला, असे विचारतात. पण नांगरणीचे काम गेल्यावर बैल गोठ्यात टिकतो तो अशा मानामुळेच. क्रौर्याचा आक्षेप मात्र वजनदार आहे. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली, ती उगाच नव्हे. पराणी टोचणे, शेपटी पिरगळणे सर्रास चाले. १८ मे २०२३ च्या निकालाने राज्याचा शर्यतींना परवानगी देणारा कायदा वैध ठरला, पण अटी राहिल्या. त्या जाचक म्हणणाऱ्यांचे मला पटत नाही. पराणीवाचून जोडी सरळ तास धरत नसेल, तर तिची तालीमच कच्ची.