करमुक्त मर्यादा आणि मतदानाची नोंद : गोखले यांच्या एका मागणीचा विचार

हल्लीच्या पलूस तालुक्याचा सर्व मुलूख इ. स. १९०२ मध्ये एकाच कायद्याखाली नव्हता. कृष्णाकाठचे भिलवडी हे गाव ब्रिटिश सातारा जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात मोडत असे. तेथून थोड्याच कोसांवरचे कुंडल मात्र औंध संस्थानच्या हद्दीत होते. १८८६ चा प्राप्तिकराचा कायदा भिलवडीच्या व्यापाऱ्यास लागू होता. कुंडलच्या व्यापाऱ्याचा व्यवहार संस्थानापुरता असेल तोवर त्यास तो लागू नव्हता. शेतीचे उत्पन्न या कायद्याने वगळले असल्यामुळे भिलवडीचा शेतकरीही त्यातून सुटला होता. त्याच्या वाट्यास जमिनीचा सारा आणि मिठावरील कर होता. अशा गावांत प्राप्तिकर पडे तो वाणी, सावकार, लहान अडते, पगारी कारकून आणि पेन्शनर यांच्यावर.

कराची मर्यादा वार्षिक ५०० रुपये होती. पगारदारास दोन हजारांच्या आत रुपयामागे ४ पै या दराने कर द्यावा लागे. म्हणजे दरमहा ४१ रुपये १० आणे ८ पै मिळविणाऱ्या कारकुनाकडून वर्षाला १० रुपये ६ आणे ८ पै वसूल होत. व्यापाऱ्यास ५०० ते ७५० या टप्प्यास सरसकट १० रुपये व ७५० ते १,००० या टप्प्यास १५ रुपये भरावे लागत. रक्कम वरवर पाहता अल्प वाटते. परंतु पगारदाराचे उत्पन्न पगारपत्रकावर लिहिलेले असे, आणि वहीखाते नीट न ठेवणाऱ्या खेड्यातील दुकानदाराचे उत्पन्न ठरे ते अधिकाऱ्याच्या अंदाजाने. पाचशेच्या आसपास उत्पन्न असलेल्या मनुष्यास कर द्यावयाचा की नाही, हे पुष्कळदा त्या अंदाजावरच अवलंबून राही. मर्यादेच्या प्रश्नाचे खरे मर्म येथे आहे.

गोखले १८९९ च्या अखेरीस मुंबईच्या कायदेमंडळात निवडून आले, ते मध्य विभागातील लोकल बोर्डांच्या वतीने. सातारा जिल्हा या विभागात होता. पुढे १९०१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळातील बिनसरकारी सभासदांनी फिरोजशहा मेहता यांच्या जागी त्यांना कलकत्त्याच्या वरिष्ठ कायदेमंडळात पाठविले. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांनी जे पहिले भाषण केले, त्यात आदल्या वर्षाच्या सात कोटींच्या शिलकेबद्दल अर्थसचिवांचे अभिनंदन करण्यास त्यांनी नकार दिला. त्यांचा युक्तिवाद असा होता की, रुपयाची किंमत घसरत असताना हुंडणावळीचा तोटा भरून काढण्याकरिता जे कर वाढविले गेले, ते रुपया १६ पेन्सांवर स्थिरावल्यानंतरही तसेच चालू राहिले. शिलकेचे मूळ या जादा वसुलीत आहे, आणि दुष्काळ व प्लेग यांनी गांजलेल्या देशात अशी शिलक हे समृद्धीचे लक्षण मानता येत नाही. म्हणून मिठावरील कर कमी करावा, प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपयांवर न्यावी आणि देशी गिरण्यांच्या कापडावरील जकात रद्द करावी, अशा मागण्या त्यांनी मांडल्या. पहिल्या दोन मागण्या एकत्र मांडल्या गेल्या, हे विशेष. केवळ मर्यादा वाढविल्याने भिलवडीच्या दुकानदारास दिलासा मिळाला असता, शेतकऱ्यास काहीच मिळाले नसते.

या मागणीवर गोखल्यांनी मत कसे दिले, असा प्रश्न अभ्यासकाने विचारला तर दप्तरात उत्तर सापडणार नाही. १८९२ च्या कायद्याने सभासदांस अंदाजपत्रकावर बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा अधिकार दिला होता. ठराव मांडण्याचा किंवा मत मागण्याचा नव्हता. ठरावाचा अधिकार १९०९ च्या सुधारणांनी आला. विधेयकांवर मते घेतली जात खरी, पण सरकारी सभासदांचे बहुमत ठरलेले असल्यामुळे निकालही ठरलेलाच असे.

नोंदीतील रिकाम्या जागेचा अर्थ लावताना याहूनही अधिक सावधपणा हवा. ऑगस्ट १९०१ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळापुढे जमीनमहसूल कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक होते. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन हस्तांतराचा हक्क न देता पुन्हा लावून देण्याचा अधिकार सरकारला त्याने मिळणार होता. मेहतांची उपसूचना फेटाळली गेल्यावर ते सभागृहातून निघून गेले आणि त्यांच्यामागून गोखलेही बाहेर पडले. विधेयक मंजूर झाले त्या वेळी गोखल्यांचे मत नोंदले गेले नाही. केवळ मते मोजणारा त्यांना गैरहजर समजेल; वास्तविक त्या गैरहजेरीइतका स्पष्ट विरोध त्या काळच्या मुंबईच्या कायदेमंडळात क्वचितच झाला असेल.

मार्च १९०३ च्या अंदाजपत्रकात प्राप्तिकराची मर्यादा १,००० रुपये झाली आणि मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला. दरमहा ८३ रुपये ५ आणे ४ पैपेक्षा कमी पगार असणारा नोकर यापुढे करातून मुक्त झाला. कापडावरील जकात मात्र कायम राहिली. या सवलतीचे सर्व श्रेय गोखल्यांना देणे इतिहासास धरून होणार नाही. करात सूट देण्याचा कर्झन यांचाही मानस होता. जानेवारी १९०३ च्या दिल्ली दरबारातच ती घोषणा करण्याची त्यांची इच्छा होती, पण विलायतेतील वरिष्ठांनी तीस संमती दिली नाही. शिवाय शिल्लक इतकी मोठी होती की काही ना काही सूट देणे सरकारास भागच होते. तथापि ती कोणत्या करात द्यावी, या प्रश्नाचे आकड्यांनिशी उत्तर सभागृहात वर्षभर आधी मांडले गेले होते आणि सरकारचा निर्णय त्याच्याशी पुष्कळ अंशी जुळला, एवढे निश्चित म्हणता येते. मताचा अधिकार नसलेल्या सभासदाच्या हाती भाषण हेच साधन होते. अर्थखात्याच्याच आकड्यांतून अर्थखात्याविरुद्ध निष्कर्ष काढण्याची गोखल्यांची पद्धत या परिस्थितीतून घडली असावी.

मर्यादा १९१९ मध्ये २,००० झाली. १९३१ च्या शरद ऋतूत, जागतिक मंदीमुळे तूट आली असता, अर्थसचिव शुस्टर यांनी पुरवणी अर्थविधेयकाद्वारे ती पुन्हा १,००० वर आणण्याचे सुचविले. आता मध्यवर्ती असेंब्लीत निवडून आलेल्या सभासदांचे बहुमत होते, मत देण्याचा अधिकार होता आणि प्रत्येकाच्या मताची नोंदही होत होती. व्हाईसरॉयांनी शिफारस केलेल्या स्वरूपात ते विधेयक मंजूर करण्यास असेंब्लीने नकार दिला. विलिंग्डन यांनी आपल्या विशेषाधिकाराने ते प्रमाणित केले, आणि हजार ते दोन हजारांच्या दरम्यान प्राप्ती असलेला भिलवडीचा दुकानदार पुन्हा कराच्या कक्षेत आला.