महाभारताची संगणकीय संहिता : रूपांतर व प्रतिकरण

पुणे येथील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची ही संगणकावर वाचता येणारी प्रत होय. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९१९ मध्ये आवृत्तीचे कार्य आरंभिले. १९२५ पासून वि. सी. सुखठणकर तिचे प्रमुख संपादक होते. सुमारे १,२५९ हस्तलिखिते तपासून संहितेचे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. शतकानुशतके नकला होताना शिरलेले पाठभेद निवडून काढणे, हे या परिश्रमांचे प्रयोजन होते.

क्योटोचे मुनेओ तोकुनागा व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही संहिता संगणकावर उतरविली. केंब्रिजचे जॉन स्मिथ प्रभृतींनी ती सुधारली. या सुधारित संहितेवर संस्थेच्या स्वामित्वहक्काचे वर्ष १९९९ असे नोंदलेले आहे.

रचना : ही प्रत म्हणजे एक साधा माहितीसंच आहे. प्रत्येक ओळीच्या आरंभी पर्वाचे दोन, अध्यायाचे तीन व श्लोकाचे तीन अंक, तसेच श्लोकार्ध दाखविणारे एक अक्षर असते. त्यापुढे मूळ पाठ येतो. खास आज्ञावलीवाचूनही ती उघडता येते.

रूपांतर : प्रारंभीच्या संगणकांवर देवनागरीची सोय नसल्याने संस्कृत मजकूर रोमन अक्षरांत साठवीत. हार्वर्ड–क्योटो पद्धतीत दीर्घ ‘आ’ मोठ्या रोमन अक्षराने दर्शविला जातो. लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पुसला गेल्यास ‘बाल’ व ‘बल’ एकच होतात. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युनिकोडमध्ये देवनागरीला स्थान मिळाले व जुने संच नव्या संकेतनात नेणे शक्य झाले. त्यासाठी एका ओळीची आज्ञा पुरते : तीत आज्ञावली, मूळ फाइल व नवी फाइल यांची नावे देतात. आज्ञावली एकेक ओळ वाचते, आरंभीचे अंक तसेच ठेवते आणि पाठातील चिन्हे कोष्टकानुसार बदलते. ‘ख’साठी योजलेली दोन रोमन अक्षरे सुटी न धरता एकत्र वाचावी लागतात, अन्यथा ‘क’ व ‘ह’ वेगळे पडतात.

पडताळणी : नुसते प्रतिकरण यंत्र बिनचूक करते, प्रमाद शिरतो तो रूपांतरात, आणि कोष्टकातील एक चूक हजारो ओळींत उमटते. म्हणून नवी फाइल उलट रूपांतरित करून मूळ फाइलशी ताडतात. युनिक्स प्रणालीतील ‘डिफ’ ही १९७४ पासूनची आज्ञा भिन्न ओळी तेवढ्या दाखविते. मूळ फाइल मात्र जपून ठेवणे आवश्यक असते.

महत्त्व : ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने संस्थेवर केलेल्या हल्ल्यात ग्रंथ, हस्तलिखिते व वस्तूंची मोठी नासधूस झाली. हस्तलिखिताची जागा संगणकीय प्रत घेऊ शकत नाही. तथापि ताडून पाहिलेल्या प्रती अनेक ठिकाणी असल्यास निदान संहिता एकाच वास्तूच्या सुरक्षिततेवर अवलंबून राहत नाही.