जुना प्रिंटर, नवा राउटर

घरात किंवा कचेरीत नवा राउटर आला, की एक तक्रार हटकून ऐकू येते. संगणक जोडला जातो, भ्रमणध्वनी जोडला जातो. पण कोपऱ्यातला दहा-बारा वर्षांचा बिनतारी प्रिंटर काही केल्या जोडला जात नाही. काल सायंकाळपर्यंत तो निमूटपणे कागद छापून देत होता. आज त्याचा दिवा नुसता उघडझाप करीत राहतो. प्रिंटर बिघडला, असा निष्कर्ष आपण काढतो आणि तो भंगारात देण्याची भाषा सुरू होते. वस्तुतः बहुतेक वेळा बिघाड यंत्रात नसतोच. मोडीतला कागद आपल्याला वाचता आला नाही, म्हणून तो कागद खोटा ठरत नाही. त्याचप्रमाणे हे यंत्र ज्या काळात घडले, त्या काळचे संकेत आणि आजचे संकेत यांत अंतर पडलेले असते. हे अंतर कसे पडत गेले, याचा इतिहास ध्यानी घेतला, तर दुरुस्तीची वाटही त्यातूनच सापडते.

या इतिहासाचा आरंभ १९८५ साली अमेरिकेत झाला. तेथील दळणवळण आयोगाने बिनतारी लहरींचे काही पट्टे परवान्यावाचून संदेशवहनासाठी वापरण्यास मोकळीक दिली. हे पट्टे मूळचे औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांचे. मायक्रोवेव्ह भट्टीही त्यांतल्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते. बिनतारी जगातले ते एक गायरानच म्हणावयाचे. या गायरानात वावरण्याचे नियम १९९७ साली अभियंत्यांच्या आय-ट्रिपल-ई या संस्थेने प्रसिद्ध केले. तेव्हाचा वेग सेकंदाला फार तर २ मेगाबिट. १९९९ साली त्यांत दोन पुरवण्या जोडल्या गेल्या : एक २.४ गिगाहर्ट्झवर ११ मेगाबिटची, दुसरी ५ गिगाहर्ट्झवर ५४ मेगाबिटची. त्याच वर्षी उत्पादकांनी आपला संघ स्थापिला आणि ‘वायफाय’ हे नाव रूढ केले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला तो २००५ साली.

दोन पुरवण्यांपैकी २.४ ची सरशी झाली. तिची उपकरणे स्वस्त होती, आणि तिच्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर असल्याने त्या भिंतींतून अधिक सुखाने पार होतात. प्रिंटर बनविणाऱ्यांनी मग केवळ याच पट्ट्याचा ग्राहक आपल्या यंत्रात बसविला. चार पाने छापावयाची, त्याला वेग कितीसा लागणार? त्या काळाच्या मानाने हा निर्णय शहाणपणाचाच होता. आजचा राउटर मात्र दोन्ही पट्टे एकाच नावाखाली चालवितो आणि उपकरणाला शक्यतो वेगवान पट्ट्याकडे वळवितो. अशा वेळी जुना प्रिंटर कधीकधी गोंधळतो, आणि २.४ चा पट्टा कोणी बंदच ठेवला असेल, तर त्याला काहीच ऐकू येत नाही.

श्रोतेहो, दुसरे अंतर पडले ते कुलपांचे. बिनतारी संदेश भिंतीबाहेरही जातो. म्हणून तो सांकेतिक लिपीत गुंडाळून पाठवावा लागतो. १९९७ च्या नियमांतील कुलपाचे नाव डब्ल्यूईपी. २००१ साली फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तीन अभ्यासकांनी ते कुलूप ज्या गणितावर उभे होते, त्याच्या वापरातील दोष दाखवून दिला. थोडा वेळ संदेश टिपत बसले की किल्ली सापडते, असे निष्पन्न झाले. तोवर ही यंत्रे तर घरोघर पोचली होती. ती सारी फेकून द्या, असे सांगणे शक्य नव्हते. म्हणून २००३ साली डब्ल्यूपीए हे मधले कुलूप निघाले. जुन्याच यंत्रांत केवळ आज्ञावली बदलून ते बसविता यावे, हा त्याच्या रचनेमागील हेतू होता. २००४ साली अधिक भक्कम डब्ल्यूपीए-२ आले आणि २००६ पासून वायफायचे प्रमाणपत्र मिळविण्यास ते अनिवार्य झाले. २०१८ साली डब्ल्यूपीए-३ जाहीर झाले. त्यात किल्ली ठरविण्याची रीतच वेगळी आहे. ती जुन्या प्रिंटरला ठाऊक नाही. परंतु याही वेळी नियमकर्त्यांनी संक्रमणाची सोय ठेवली. एकाच राउटरवर दुसरे आणि तिसरे कुलूप शेजारी-शेजारी चालू शकते.

तिसरी गोष्ट त्या बटणाची. परवलीचा लांबलचक शब्द प्रिंटरच्या इवल्याशा पडद्यावर टिपत बसावे लागू नये, म्हणून २००७ च्या सुमारास डब्ल्यूपीएस ही सोय आली. दोन्ही यंत्रांवरील बटणे दाबावयाची, की जोडणी झाली. तिच्याच आठ आकडी क्रमांकाच्या पर्यायात मोठी त्रुटी असल्याचे २०११ च्या अखेरीस उघड झाले. पुढे डब्ल्यूपीए-३ ने तर ही सोयच नाकारली. जुन्या पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे आपण बटण दाबतो. पलीकडे उत्तर देणारा कोणी नसतो, तो यामुळे.

आता उपाय. प्रथम प्रिंटरकडूनच त्याच्या जोडणीचा तपशील छापून घ्यावा. बहुतेक यंत्रांत ती सोय असते. त्यावर जुन्याच राउटरचे नाव दिसेल, कारण यंत्र तेवढेच स्मरणात ठेवून बसलेले असते. त्याला कायमचा अंकी पत्ता नेमून दिलेला असल्यास तोही नव्या जाळ्यात गैरलागू ठरतो. म्हणून जोडणीची जुनी माहिती पुसून टाकावी. राउटरवर २.४ चा पट्टा चालू करून त्याला स्वतंत्र नाव द्यावे. नाव आणि परवलीचा शब्द साध्या अक्षरांचा व अंकांचा असावा. सुरक्षिततेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-२ किंवा दोन्हींचा मिश्र पर्याय निवडावा आणि मग प्रिंटरच्या पडद्यावरून परवलीचा शब्द हाताने भरावा. बहुतेक यंत्रे एवढ्याने ताळ्यावर येतात.

मात्र एक मर्यादा ओलांडू नये. यंत्र इतके जुने असेल, की त्याला केवळ डब्ल्यूईपी समजते, तर त्याच्यासाठी सगळ्या घराचे कुलूप १९९७ सालावर नेऊन ठेवणे योग्य नव्हे. त्याच जाळ्यातून आपले बँकेचे व्यवहार आणि कचेरीचे कागद ये-जा करीत असतात. अशा प्रिंटरला सरळ तारेने संगणकाशी जोडावे. तार लावण्याची खाच बहुतेक जुन्या यंत्रांत असतेच. बिनतारी यंत्राला अखेर तारेनेच तारले, तर त्यात कमीपणा कसला?

शासनव्यवहारात वावरणाऱ्याला या इतिहासात ओळखीचे काहीतरी दिसते. नियम बदलणे अपरिहार्य असते. परंतु जुन्या नियमाने वागत आलेल्यास मुदत देणे आणि ती मुदत बेमुदत होऊ न देणे, ही दोन्ही कर्तव्ये सांभाळावी लागतात. वायफायच्या नियमकर्त्यांनी ती बऱ्याच अंशी सांभाळली. त्यांनी ठेवलेला दरवाजा कोठे आहे, हे राउटर बसविणाऱ्याने ग्राहकाला सांगितले पाहिजे, आणि ग्राहकानेही ते विचारले पाहिजे. टाकाऊ इलेक्ट्रॉनिक वस्तूंसंबंधीचे आपल्याकडील २०२२ चे नियम प्रिंटरलाही लागू आहेत. जुने यंत्र टाकावयाचेच झाले, तर ते रीतसर टाकावे. परंतु राउटरमधील एक रकाना बदलल्याने जे चालू होणार आहे, ते त्या ढिगाऱ्यावर नेऊन घालण्याचे कारण नाही.