पिवळ्या पिसांवरचा आळ

हवाई बेटांवरचे ओओ पक्षी राजांच्या पिसांच्या झग्यांपायी नामशेष झाले, असे सांगितले जाते. मोठ्या हवाई बेटावरच्या ओओची पिवळी पिसे सरदारांच्या झग्यांत जात, हे खरेच. पण काउआई बेटावरच्या ओओचे अंग काळपट तपकिरी. पिवळी पिसे काय ती मांड्यांवर. पिसांसाठी शिकार हेच मुख्य कारण असते, तर निदान हा तरी वाचायला हवा होता. त्याची अखेरची नोंद १९८७ची. माझ्या मते खरा घातकी डास आहे. या बेटांवर डास मुळी नव्हतेच. १८२६च्या सुमारास ‘वेलिंग्टन’ जहाजाच्या पाण्याच्या पिंपांतून लाहैना बंदरात क्युलेक्स डास उतरला, असे मानतात. आपल्याकडे हत्तीरोग पसरवणारा तो हाच. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांच्या रक्तातून पक्ष्यांचा हिवताप आला. १८६५मध्ये पिकांवरच्या अळ्या खाण्यासाठी भारतातून नेलेली आपली साळुंकीही त्या संशयितांत आहे. हजारो वर्षे या रोगाशी गाठ न पडलेले स्थानिक पक्षी त्यापुढे टिकणे अवघडच होते.

जंगलतोड आणि उंदीर विसरून चालणार नाही, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. झाडाच्या ढोलीत घरटे करणाऱ्या पक्ष्याला उंदरांचा धोका मोठाच. पण काउआईवर उंचावरचे अलाकाई दलदलीचे रान बरेचसे शाबूत होते आणि ओओ शेवटी तिथेच उरला, कारण तिथल्या थंडीत डास आणि रोगजंतू दोन्ही मंदावतात. एवढ्या जंगलतोडीने हा नकाशा उलगडत नाही. दुसरा आक्षेप चक्रीवादळांचा. १९८२च्या ‘इवा’ वादळानंतर शेवटच्या जोडीतली मादी दिसेनाशी झाली, हे खरे. मात्र वादळे काही नवी नव्हती. पूर्वी डोंगरमाथा झोडपला गेला तर पक्ष्यांना खालच्या रानात आसरा होता. आता ते रान डासांनी बळकावले होते. शिवाय काउआईचे सर्वोच्च शिखर जेमतेम १,६०० मीटरचे, म्हणजे वर सरकायलाही जागा नाही. २००८मध्ये डीएनए तपासणीतून कळले, की ओओंचे कूळच स्वतंत्र होते; त्यातल्या पाचही जाती संपल्या आहेत. एवढे मोठे नुकसान झग्यांच्या माथी मारले, की डास मोकळा सुटतो, आणि हवाईतले उरलेसुरले रानपक्षी आजही त्याच हिवतापाने मरत आहेत. म्हणूनच माऊई बेटावर २०२३पासून वोल्बाकिया जिवाणू असलेले नर डास सोडले जातात. त्यांच्याशी संग झालेल्या जंगली माद्यांची अंडी उबत नाहीत.