अंकदर्शकांचे क्रमशः प्रज्वलन

अमेरिकन शास्त्रज्ञ निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तांबडा दृश्य प्रकाश देणारा द्विप्रस्थ (डायोड) तयार केला. असे सात खंड जुळवून ० ते ९ हे अंक दाखविता येऊ लागले. पण अडचण तारांची होती. दशांश चिन्ह धरून एका अंकास ८, म्हणजे चार अंकांस ३२ तारा लागतात. सर्व अंकांचे समान खंड एकत्र जोडून एका वेळी एकच अंक उजळल्यास हे काम १२ तारांत भागते. आवर्तने पुरेशी जलद असल्यास दृष्टिसातत्यामुळे सर्व अंक एकदम पेटलेले भासतात. एचपी-३५ या खिशातील गणकयंत्रात (१९७२) हीच पद्धत होती.

पुढच्याच वर्षी अंधेरीस इलेक्ट्रॉनीय मालाच्या निर्यातीसाठी ‘सीप्झ’ हे क्षेत्र स्थापन झाले. उपनगरांतील हौशी जोडणीकार मात्र सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोडच गाठत.

७४४७ हे संकलित मंडल द्विमान-दशमान संकेतावरून योग्य ते खंड निवडते. गणित्र व ट्रँझिस्टर अंकांची पाळी लावतात. चार अंकांपैकी प्रत्येकाच्या वाट्यास पाव वेळच येत असल्याने तेजस्विता टिकविण्यासाठी प्रवाह सुमारे चौपट द्यावा लागतो. खरा धोका येथेच आहे. स्पंद थांबले, तर एकच अंक त्या प्रवाहाखाली सतत राहून निकामी होऊ शकतो. नवशिके हे हमखास विसरतात. पाळी बदलताना क्षणभर सर्व खंड विझविले नाहीत, तर शेजारच्या अंकाची पुसट छाया उमटते.

घाटकोपर, बोरिवली यांसारख्या स्थानकांवरील बिंदुदर्शकांचे अल्पकालिक उद्‌भासनाने छायाचित्र घेतल्यास त्यातील काही ओळी विझलेल्या दिसू शकतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे.