नाझारबायेव्ह, नुरसुलतान
(६ जुलै १९४० – ). कझाकस्तानचे पहिले राष्ट्राध्यक्ष (१९९०–२०१९). जन्म आल्माटीजवळच्या चेमोलगान गावी, शेतकरी कुटुंबात. तेमिरताऊच्या पोलाद कारखान्यात झोतभट्टीवर कामगार. १९६२ मध्ये कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य. १९८४ मध्ये ते कझाक प्रजासत्ताकाच्या मंत्रिपरिषदेचे अध्यक्ष झाले. १९८६ मध्ये त्यांनी विज्ञान अकादमीचे प्रमुख अस्कर कुनायेव्ह यांच्यावर जाहीर टीका केली. अस्कर हे पक्षप्रमुख दिनमुहम्मद कुनायेव्ह यांचे बंधू. रोख कोणावर होता, हे उघड होते. डिसेंबरमध्ये कुनायेव्ह पायउतार झाले, पण मॉस्कोने त्यांच्या जागी गेन्नादी कोल्बिन यांना पाठविल्याने आल्माटीत निदर्शने उसळली (पहा : झेल्तोक्सान). नाझारबायेव्ह पक्षप्रमुख झाले ते जून १९८९ मध्ये. एप्रिल १९९० मध्ये सर्वोच्च सोव्हिएतने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडले. १ डिसेंबर १९९१ च्या थेट निवडणुकीत ते एकमेव उमेदवार होते. १६ डिसेंबरला देश स्वतंत्र झाला (पहा : सोव्हिएत संघाचे विघटन). १९९५ मध्ये संसद विसर्जित झाल्यावर सार्वमताने त्यांची मुदत वाढली आणि नव्या संविधानाने अध्यक्षीय सत्ता बळकट केली. २००७ च्या दुरुस्तीने पहिल्या राष्ट्राध्यक्षांपुरती कार्यकालमर्यादा उठविली. मार्च २०१९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला (पहा : तोकायेव्ह, कासिम-जोमार्त).