ढगाच्या पोटातली वीज

अमेरिकेच्या मध्यभागात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांनी उन्हाळ्यातील एखादी रात्र गडगडाट ऐकत जागून काढली असेल. कॅन्सस, ओक्लाहोमा, नेब्रास्का या भागात संध्याकाळी सुटी सुटी वादळे जन्माला येतात, रात्री एकमेकांत मिसळतात आणि पहाटेपर्यंत एखाद-दुसरे राज्य ओलांडून जातात. त्यांच्या पोटातील विजेचे कोडे कसे उलगडत गेले, त्याची ही थोडक्यात कहाणी.

ढगातली वीज म्हणजे विद्युतच, हे बेंजामिन फ्रँकलिनने सुचवलेल्या प्रयोगातून १७५२ साली सिद्ध झाले. पण ढगाच्या आत डोकावायला रडार यावे लागले. दुसऱ्या महायुद्धात शत्रूची विमाने शोधताना पडद्यावर पावसाचेही ठिपके उमटत. युद्ध संपल्यावर १९४६ साली फ्लोरिडात आणि १९४७ साली ओहायोत, होरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखाली रडार आणि लष्करी विमाने यांच्या साहाय्याने वादळांचा अभ्यास झाला. वादळाला बाल्य, तारुण्य आणि वार्धक्य असते, हे त्यातून स्पष्ट झाले.

१९६० साली टायरॉस-१ हा पहिला यशस्वी हवामान उपग्रह अवकाशात गेला. पुढे १९८० साली रॉबर्ट मॅडॉक्स यांनी उपग्रहांच्या अवरक्त चित्रांवरून महाकाय वादळसमूहांची व्याख्या केली: उणे ३२ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड असे ढगांचे छत किमान एक लाख चौरस किलोमीटर पसरलेले हवे आणि ते निदान सहा तास टिकायला हवे.

मग छत जितके मोठे, तितक्या विजा जास्त? तसे नाही. उपग्रहाला दिसते ते घराचे छप्पर. चूल कुठे पेटली आहे, हे रडार सांगते. गोठणबिंदूच्या खाली जाऊनही द्रवरूप राहिलेले पाणी, बर्फाचे स्फटिक आणि मऊ गारा जोरदार ऊर्ध्व प्रवाहात एकमेकांवर आपटतात, तेव्हा विद्युतभार विभागला जातो. म्हणून साधारण उणे १० अंशांच्या थरात रडारचा प्रतिध्वनी बळकट झाला, की वीज चमकण्याची शक्यता वाढते. वादळ म्हातारे झाले तरी छप्पर पसरतच राहते, विजांची संख्या मात्र घटते. समुद्रावरील ढगही उंच असतात, पण तेथील प्रवाह सहसा सौम्य असल्याने विजा कमी.

१९९७ साली जपानमधून सोडलेल्या ट्रम या अमेरिका-जपानच्या संयुक्त उपग्रहावर पावसाचे रडार आणि वीज टिपणारा कॅमेरा एकत्र होते. एकाच ढगातील बर्फ आणि विजा यांचा मेळ जवळजवळ एकाच क्षणी घालता येऊ लागला. २०१५ पर्यंत हे काम चालले. मात्र तो उपग्रह एका ढगावर सुमारे दीड मिनिटच राही. २०१६ साली गेलेल्या गोज-१६ वरील यंत्राने भूस्थिर कक्षेतून अखंड पहारा सुरू केला.

त्याच नोंदींतून एक थक्क करणारी गोष्ट हाती आली. २२ ऑक्टोबर २०१७ रोजी पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीजवळपर्यंत एकच वीज ८२९ किलोमीटर धावली होती. म्हणजे मुंबई-नागपूर रेल्वेमार्गाइतका पल्ला! तेव्हा ती निसटली. नोंदी पुन्हा तपासताना सापडली आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक हवामान संघटनेने तिचा विक्रम मान्य केला. अशा विजा मुख्य वादळामागे रेंगाळणाऱ्या, रिमझिम पाऊस देणाऱ्या पसरट ढगांतून धावतात. तेथे विजा थोड्या, पण लांब.

आपल्यासाठी महत्त्वाचे हेच. वादळाचा जोर ओसरला, की सहलीला आलेली मंडळी आडोशातून बाहेर पडतात, मुले मैदानाकडे धावतात. पण मागे राहिलेल्या त्या शांत ढगाची वीज जमिनीवरही उतरते, आणि ती कित्येक मैल दूर निर्माण झालेली असू शकते. म्हणून शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास घरात थांबावे, या नियमाचा कंटाळा करू नये. पाऊस थांबला म्हणजे वीज थांबली, असे नव्हे.